गणपूर्ती

दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा.
माझगाव परिसर वारसा जतन मंडळ.
नाव एवढं लांब
की रबरी शिक्क्यात 'मंडळ' खाली घसरलंय.
नोंदवहीत सभासद एकवीस,
हयात चौदा,
येणारे पाच.
घटनेनुसार गणपूर्तीही पाचच,
म्हणून कुणी नुसतं खोकलं तरी आम्हाला काळजी वाटते.
माणसाचीही वाटतेच.

केरसी दुबाश अध्यक्ष. राजीनामा तीनदा दिलाय,
तिन्ही वेळा मंजूर करायला माणसं नव्हती.
फिलोमिना परेरा खजिनदार,
शिल्लक बिस्किटांच्या डब्यात, हिशेब पैशापर्यंत.
शकूर नाखवा, जन्म गोदीत गेला,
दगडावर टिचकी मारून सांगतो
हा मालाडचा, हा कुर्ल्याचा,
आणि हा, माफ करा, सिमेंटचा.
मी चिटणीस. मी लिहिते.
जलखात्याला सत्तावीस पत्रं,
प्रत्येकाच्या तळाशी 'आपली विश्वासू'.
हा विश्वास कुठून येतो, विचारू नका.

प्याव आमची एकच.
वर माणसांसाठी गोमुख,
खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर बैलांची कुंडी,
आणि त्याहून खाली एक वाटी, कुत्र्यांसाठी असावी.
पाटीवर गुजरातीत कुणा प्रेमकोरचं नाव,
वय नऊ.
पुढची अक्षरं झिजलीत, बापाचं नाव त्यातच गेलं.
गेल्या वर्षी आम्ही भेगा बुजवल्या
चुना, बेलफळाचा गर, गूळ घालून, जुन्या पद्धतीनं.
आठ दिवस मुंग्यांची रांग लागली.
त्याला 'जीर्णोद्धार' म्हणायचं की 'दुरुस्ती'
यावर दोन सभा गेल्या.

आज सुलभाताई कीर्तिकर आल्या नाहीत. गुडघा.
म्हणजे चार.
केरसी म्हणाला, चला, निदान जागेवर जाऊन बघू
विषय क्रमांक चार:
प्यावेला टेकून असलेला चावीवाल्याचा खोका,
अतिक्रमण हटवणेबाबत.

रामअवध कानस घासत होता.
केरसीनं घसा साफ केला, मंडळाचं नाव सांगितलं, सगळं,
शेवटच्या घसरलेल्या शब्दासकट.
त्यानं ऐकून घेतलं. हात पुसले.
मग किल्ल्यांच्या जुडग्यांमागून एक पाकीट काढलं,
पाकिटात पावती:
क्रमांक एकशे बारा, आजीव सभासद, रुपये एकावन्न,
खाली आमच्या आधीच्या खजिनदाराची सही.
ती फिलोमिनानं बोटानं चाचपली,
जरा जास्त वेळ.
"परेरा साहेब रोज इथं थांबायचे," तो म्हणाला,
"म्हणाले, पाठ तिला लावून बसतोस, तर वर्गणीही दे."

कुणी काही बोललं नाही.
मग शकूरनं मोजलं, मोठ्यानं,
एक, दोन, तीन, चार,
आणि बोट रामअवधवर थांबवून, पाच.

सभा भरली. फुटपाथवर, दहा चाळीसला.
विषय क्रमांक चारवर सभासद श्री. रामअवध म्हणाले,
खोका दोन हात सरकवतो, हरकत नाही,
पण तुम्ही दगड धुता, दगड मोजता,
दगडाचे फोटो काढता.
तिला पाण्यासाठी बांधलं होतं ना?

अठ्ठाविसावं पत्र आजच लिहावं असं ठरलं.
त्यात काय वेगळं लिहायचं, ते ठरलं नाही.

उठताना पाहिलं,
खोक्याच्या आड, गोमुखाच्या बरोबर खाली,
लाल माठ. साखळीला बांधलेला पेला.
कुंडीत विटेवर ठेवलेलं एक परात पाणी,
त्यात दोन कावळे.
"नळ बंद पडला तेव्हापासून," तो म्हणाला,
आणि कुणाच्या तरी कपाटाची चावी
उजेडात धरून बघू लागला.

घरी येऊन इतिवृत्त लिहिलं.
शेवटची ओळ हात आपोआप लिहितो:
आभारप्रदर्शन व चहापानानंतर सभा संपली.
चहा खोडला.
वर बारीक अक्षरात लिहिलं, पाणी.
कंसात काही नाही.